अमावास्या, उधाण आणि शत्रूचं बंदर

तुमच्या कादंबरीच्या पहिल्या पाच प्रकरणांचा आराखडा वाचला. थोडक्यात असं दिसतंय: सहा डायव्हर, अमावास्येची मिट्ट काळोखी रात्र, खाडीच्या आत शत्रूचं बंदर, पाणी तळ्यासारखं शांत, पोरं पोहत जातात, चार जहाजांना माइन (पाण्याखाली जहाजाला चिकटवायचा स्फोटकांचा डबा) लावतात, परत येतात, पहाटे धडाधड स्फोट आणि नायक किनाऱ्यावरून ज्वाळा बघतोय. आणि तुम्ही विचारलंय की हे टेक्निकली बरोबर आहे का, आणि वाचणाऱ्याला खरं वाटावं म्हणून काय करू.

मी नौदलात डायव्हर होतो, नंतर बरीच वर्षं कमर्शियल डायव्हिंग केलं, म्हणजे जहाजांचे तळ घासणं, प्रोपेलर साफ करणं, पाणी आत खेचणाऱ्या जाळ्यांतला कचरा काढणं, असली अजिबात फिल्मी नसलेली कामं. माइन मी कुणाच्या जहाजाला लावलेली नाही हे आधीच सांगून टाकतो, पण ती जिथे लावतात त्या जागी, म्हणजे जहाजाच्या पोटाखाली, किती तास काढले त्याचा हिशोब नाही. त्यामुळे तुमच्या स्फोटाबद्दल मला फार बोलायचं नाही, स्फोट कुणीही लिहितो. माझं भांडण तुमच्या पाण्याशी आहे.

अमावास्या आणि शांत पाणी तुम्ही एकाच वाक्यात घातलंत ना, तिथेच कुठल्याही कोळीवाड्यातला वाचक पुस्तक मिटून ठेवणार. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. पाणी सगळ्यात वर चढतं, सगळ्यात खाली उतरतं, आणि तेवढं सगळं पाणी त्याच सहा तासांत खाडीच्या तोंडातून आत-बाहेर व्हायचं म्हणजे ओढ पण सगळ्यात जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, तेव्हा चढउतार कमी आणि ओढही कमी. फिन्स घातलेला चांगला पोहणारा माणूस, छातीवर ओझं बांधून, तासन् तास टिकेल असा वेग धरेल तो साधारण एक नॉट, म्हणजे तासाला जेमतेम दोन किलोमीटर. उधाणाला खाडीच्या अरुंद तोंडात तीन नॉटची ओढ ही काही विशेष गोष्ट नाही. म्हणजे तुमचा नायक जीव तोडून पुढे पोहत असेल आणि मागे मागे जात असेल.

म्हणजे काळोख हवा तर ओढ घ्या, ओढ नको तर चांदणं घ्या. बंदरावर चोरून हल्ला आखणारा प्रत्येक माणूस या चिमट्यात सापडतो. तुमची कादंबरी इथून सुरू व्हायला पाहिजे, टेबलावर पसरलेल्या चार्टपासून, म्हणजे समुद्राच्या नकाशापासून, आणि पंचांगापासून, आणि तुम्ही हा सगळा भाग ‘रात्र काळोखी होती’ या तीन शब्दांत उडवलाय.

आता खरी उदाहरणं बघू, कारण ती कुठल्याही कल्पनेपेक्षा भारी आहेत.

इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया, डिसेंबर १९४१. इटलीच्या नौदलाचे सहा जण, तीन ‘माइआले’वर बसून ब्रिटिशांच्या बंदरात शिरले. माइआले म्हणजे इटालियनमध्ये डुक्कर. दिसायला टॉर्पेडो, त्यावर घोड्यासारखं मांड ठोकून दोन माणसं बसायची, वेग दोन-तीन नॉट, आणि पुढचं तोंड म्हणजे सुमारे तीनशे किलोचा स्फोटकांचा डबा, तो सोडवून जहाजाखाली लावायचा. शिरे नावाच्या पाणबुडीने त्यांना बंदराबाहेर सोडलं. रात्र कुठली? १८ डिसेंबरची, अमावास्या. मग त्यांना ओढ नडली नाही का? नाही, कारण भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी जवळपास नाहीच. इटालियन लोकांना फुकटात काळोख मिळाला. हे लक्षात न घेता आपल्याकडचे लेखक अलेक्झांड्रियाचा सीन उचलतात आणि खंबातच्या आखातात किंवा बंगालच्या नदीत नेऊन बसवतात, मग घोळ होतो.

आता त्याच्या उलट. डिसेंबर १९४२, फ्रान्समधलं बोर्दो. जर्मनांच्या ताब्यातलं बंदर, पण समुद्रापासून जवळजवळ शंभर किलोमीटर आत, जिरोंद नावाच्या भल्यामोठ्या खाडीतून नदीत शिरायचं. ब्रिटिश रॉयल मरीन्सचा मेजर हॅस्लर सहा होड्या घेऊन निघाला, दोन-दोन माणसांच्या, कॅनव्हासच्या, घडी होणाऱ्या. ७ डिसेंबरची रात्र, पुन्हा अमावास्येचाच काळोख, पण इथे अटलांटिकची भरती. पहिला झटका तर पाणबुडीवरच, एका होडीचं कॅनव्हास हॅचमधून बाहेर काढताना फाटलं, ते दोघे तिथेच राहिले. उरलेल्या पाच होड्या खाडीच्या तोंडाशी पोचल्या आणि उधाणाचं पाणी जिथे उथळावर आदळून उसळ्या मारतं त्या पट्ट्यात सापडल्या. एक होडी दिसेनाशी झाली, एक उलटली, तिसरी पुढे चुकामूक होऊन वेगळी पडली. अजून बंदूक चाललेली नाही आणि निम्म्याहून जास्त टीम संपली. बोर्दोपर्यंत दोनच होड्या पोचल्या. रात्री भरतीबरोबर वल्हवायचं, ओहोटी लागली की काठावरच्या गवतात होडी ओढून लपायचं, असं करत ११ डिसेंबरच्या रात्री त्यांनी माइन लावल्या. होडीतून उतरले पण नाहीत, साधारण सहा फुटी दांड्याच्या टोकाला माइन अडकवून ती पाण्याखाली जहाजाच्या कुशीला टेकवायची, चुंबकाने चिकटते. एका पहारेकऱ्याने वरून टॉर्च मारली, हॅस्लर आणि त्याचा जोडीदार मान खाली घालून ओंडक्यासारखे निपचित वाहत राहिले. दहा जण निघाले होते, घरी आले दोन. दोन थंडीने गेले, सहांना जर्मनांनी पकडून गोळ्या घातल्या.

आणि तिसरं उदाहरण आपल्या सगळ्यात जवळचं. १५ ऑगस्ट १९७१ ची रात्र, चितगाव, मोंगला, चांदपूर, नारायणगंज, पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, चार बंदरांवर एकाच रात्री बंगाली स्वातंत्र्यसैनिकांचा पोहत जाऊन हल्ला. मार्चमध्ये फ्रान्समधल्या तुलाँ बंदरात असलेल्या पाकिस्तानच्या मांग्रो पाणबुडीवरून आठ बंगाली खलाशी पळाले, स्पेनमार्गे दिल्लीला आले, आणि ते या पलटणीचा कणा झाले. भागीरथीच्या काठी, प्लासीला, कॅम्प लागला. भारतीय नौदलाने शिकवलं, शिकणारी बहुतेक कॉलेजची आणि खेड्यांतली पोरं. हे सगळं प्रकरण चालवणाऱ्यांत एक मराठी अधिकारी होते, मोहन नारायणराव सामंत, मूळचे पाणबुडीवाले, नंतर महावीरचक्र मिळालं. (मराठीत त्यांच्यावर एक चांगली कादंबरी व्हायला हवी असं मला कायम वाटतं, पण असो.)

आता तिथी बघा. पौर्णिमा ६ ऑगस्टला होऊन गेलेली, अमावास्या २० ला. म्हणजे ही रात्र कृष्ण दशमीच्या आसपासची. भांगाचं पाणी, त्यामुळे भरतीची ओढ कमी, आणि चंद्र उगवणार मध्यरात्र उलटल्यावर, म्हणजे रात्रीचा पहिला अर्धा भाग काळोख. वर पावसाळी ढग. चिमट्यातून वाट काढायची तर ती अशी. अर्थात नदीला पावसाचं पाणी होतंच, चितगावची कर्णफुली ऑगस्टमध्ये काय मूडमध्ये असते ते वेगळं सांगायला नको, पण निदान दोन्ही पाणी एकमेकांत मिसळून अंगावर येत नव्हती. आणि या पोरांकडे सिलिंडर नाही, मास्क नाही, काही नाही. फिन्स, सुरी, आणि पाचेक किलोची लिंपेट माइन, म्हणजे चुंबकाने जहाजाला चिकटणारी, गमछाने छातीला बांधलेली, नाकतोंड तेवढं वर ठेवून पोहायचं. वायरलेसवर बोलायचं नाही म्हणून हल्ल्याचा इशारा आकाशवाणी कलकत्त्यावरच्या दोन ठरवलेल्या बंगाली गाण्यांतून, पहिलं गाणं लागलं की तयारी, दुसरं लागलं की आज रात्री. विचार करा, कुठल्यातरी झोपडीत चार पोरं ट्रान्झिस्टरला कान लावून बसलीत, घरमालकाला वाटतंय काय रसिक मुलं आहेत. चितगावला अल-अब्बास आणि होर्मुझ ही दोन मोठी मालवाहू जहाजं त्या रात्री गेली, दोन्हींत युद्धाचा माल.

म्हणून तुमच्यासाठी पहिला सल्ला, तारीख बदला. कोळी लोकांचा एक साधा हिशोब आहे, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमी, आठाची पाऊणपट सहा, म्हणजे संध्याकाळी सहाला भरती, बाराला सुकती (ओहोटी पूर्ण), पहाटे सहाला परत भरती. अमावास्या म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. हे आपल्या मुंबई-कोकण किनाऱ्याचं, दुसऱ्या बंदराचं गणित वेगळं, पण पद्धत तीच. आता कृष्ण अष्टमी धरा. सहाला भरती पूर्ण, साडेसातला काळोख, तेव्हा पाणी बाहेर चाललंय, बाराच्या सुमाराला पाणी थांबणार, आणि नेमका तेव्हाच चंद्र उगवणार. म्हणजे तुमच्या पोरांना काळोख आहे तेव्हा पाणी उलटं, आणि पाणी सुलटं होतं तेव्हा उजेड! मग ते कसं जाणार? खाडीच्या तोंडातून आत शिरायच्या ऐवजी नदीच्या वरच्या अंगाने पाण्यात उतरतील, ओहोटीबरोबर बंदराकडे वाहत येतील, काम करतील आणि त्याच ओढीने समुद्राकडे बाहेर पडतील. मग प्रश्न, शत्रूच्या हद्दीत बंदराच्या वर ते पोचले कसे? कुणाच्या घरी राहिले? माइन बंदरापाशी कशा आणल्या, भाजीच्या पाटीत, मासळीच्या टोपलीत, कशात? बघा, एका तिथीने तुमचं कथानक किती फिरवलं. आता किनाऱ्यावरचा एक माणूस तुम्हाला लागणारच, आणि आराखड्यात तो कुठेच नाही.

पाणी थांबतं तेव्हाचा जो वेळ, त्याला आम्ही स्लॅक म्हणतो, तो उधाणाला जेमतेम वीस मिनिटं मिळतो, कधी तेवढाही नाही. भांगाला जरा जास्त. जहाजाखाली नीट काम होतं ते त्या वेळात. तुमच्या नायकाकडे चार जहाजांसाठी ‘रात्रभर’ वेळ आहे असं तुम्ही धरलंय, तसा तो नसतो. त्याच्याकडे वीस मिनिटं असतात आणि त्यातली सात मिनिटं बंदराच्या तोंडाशी लावलेलं जाळं चुकवण्यात गेलेली असतात.

आता जहाजाच्या खाली चला, कारण तुम्ही लिहिलंय ‘निळसर पाण्यात जहाजाचा अजस्र तळ दिसला’. नाही दिसला. आपल्या खाड्यांत, बंदरांत, रात्री सोडा, भर दुपारी दोन वाजता हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसत नाहीत. सगळं काम हाताने. आधी हाताला लागतो तो बुळबुळीत शेवाळाचा थर, मग बार्नॅकल, चुन्यासारखी धारदार शंकूसारखी कवचं, हातमोजा फाटतो आणि बोट कापलेलं वर आल्यावर कळतं कारण पाण्यात दुखत नाही. चुंबकाची माइन अशा कवचांवर नीट बसत नाही, मधे फट राहते, जहाज हललं की निसटते. म्हणून बंगाली पोरांकडे जी सुरी होती ती गळे कापायला नव्हती, बार्नॅकल खरवडायला होती. तुमच्या नायकाची सुरी एका पहारेकऱ्याच्या मानेवर जाते. तो सीन हवा तर ठेवा, पण आधी तिच्याने जहाज खरवडून घ्या.

आणि आवाज. पाण्याखाली शांतता असते हे कुणी पसरवलंय माहीत नाही. बंदरात उभ्या जहाजाचा जनरेटर चालू असतो, ती घरघर दातांत जाणवते. पंप चालू-बंद होतात. शेजारच्या धक्क्यावरची साखळी घासली तर वाटतं आपल्या कानात घासली. आणि हे उलटंही खरं आहे. एकदा माझ्या हातातला पाना निसटून दोरीच्या टोकाला झोका घेऊन तळावर आपटला, छोटासा पाना हो, आणि वर आलो तर जहाजाचा सेकंड इंजिनियर रेलिंगवर वाकून विचारतोय की खाली काय ठोकताय. त्याला इंजिनरूममध्ये ऐकू गेलं होतं. चुंबक लोखंडाला चिकटतो तेव्हा ‘ठक्’ होतं. ते ‘ठक्’ तुम्ही लिहिलेलंच नाहीये, आणि माझ्या मते अख्ख्या कादंबरीतला सगळ्यात भीतीदायक आवाज तोच असेल. माइनची एक कड आधी टेकवायची, मग हळूच दुसरी उतरवायची, चुंबक ओढत असतो आणि तुम्ही बोटं मधे घालून त्याला धरून ठेवलंय.

अजून एक गोष्ट सांगतो जी सिनेमात कधी नसते. मालवाहू जहाजाचा तळ सपाट असतो, तीस-तीस मीटर रुंद. खाली गेलात की डोक्यावर छत, खाली चिखल, वर यायला वाट नाही. एका मोठ्या बल्क कॅरियरखाली माझी दोरी जाळीत अडकली, मी ती सोडवताना गिरकी घेतली आणि कुठली बाजू डावी, कुठली उजवी, हे साफ गेलं. नाकासमोर काही दिसत नाही. पोहायला लागलो तर बाजूने बाहेर पडेन की जहाजाच्या लांबीने दोनशे मीटर जात राहीन, काही सांगता येत नाही. वर ओहोटी चालू, म्हणजे पाणी उतरतंय, जहाज खाली येतंय, आणि छत आणि चिखल यांच्यातली जागा कमी होतेय. शेवटी हाताने चाचपडत वेल्डिंगची शिवण शोधली, ती जहाजाला आडवी जाते की उभी याचा अंदाज बांधला आणि तिला धरून सरकत सरकत बाहेर आलो. चार मिनिटं लागली असतील, वर सुपरवायझर म्हणाला इतका वेळ का, मी म्हटलं जाळी घट्ट होती. बाकी काही बोललो नाही, त्या दिवशी बोलण्यासारखं वाटलं नाही. तुमच्या सहांपैकी एकाला असा हरवा. शत्रू लागत नाही, टॉर्च लागत नाही.

श्वासाच्या यंत्राबद्दल थोडक्यात. साध्या सिलिंडरचे बुडबुडे वर येतात आणि शांत पाण्यात ते लांबून दिसतात, म्हणून असल्या कामात बंद चक्राचं यंत्र, शुद्ध ऑक्सिजन, सोडलेला श्वास रसायनातून गाळून परत. बुडबुडे नाहीत, पण शुद्ध ऑक्सिजन सहा-सात मीटरच्या खाली विषासारखा वागायला लागतो, आधी ओठ फडफडतात, मग झटके. आणि रसायनाच्या डब्यात पाणी शिरलं तर तोंडात जळजळीत खारट काढा येतो. तुमच्या नायकाने वीस मीटरवर ऑक्सिजनच्या यंत्रावर तासभर काम केलंय. मेला असता.

पहारा पण जरा बघून लिहा. अलेक्झांड्रियात जाळं होतं, इटालियनांनी ते कापलं नाही. ब्रिटिशांच्या विनाशिका आत यायच्या होत्या म्हणून जाळ्याचं दार उघडलं, आणि हे त्यांच्या मागून आत घुसले. बंदरात छोट्या बोटी फिरत आणि अधूनमधून पाण्यात लहान स्फोटकं टाकत, जिब्राल्टरलाही तेच, कुणी दिसलं म्हणून नाही, सवयीने. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे स्फोटाचा धक्का लांबवर जातो आणि माणसाच्या फुप्फुसांना आणि आतड्यांना लागतो, बाहेरून ओरखडाही नसतो. म्हणजे पहारेकऱ्याने तुमच्या नायकाला बघायचीही गरज नाही. तो कंटाळलेला आहे, दर काही मिनिटांनी एक डबा पाण्यात टाकतोय आणि घरच्या पत्राचा विचार करतोय. असा पहारेकरी लिहा, कारण आराखड्यातले तुमचे सगळे पहारेकरी एकतर पेंगतायत नाहीतर राक्षस आहेत.

आता घड्याळ. तुमच्या माइनवर लाल आकडे उलटे मोजतात, ते कृपा करून काढा. पहिल्या ब्रिटिश लिंपेट माइनचा किस्सा वाचण्यासारखा आहे. १९३९ मध्ये इंग्लंडमधल्या बेडफर्डला मॅक्रे आणि क्लार्क या दोघांनी ती घरगुती सामानातून बनवली, बाजारातून धुण्याभांड्याची घमेली आणली, आणि वेळ लावायला काय, तर पोरांच्या बडीशेपेच्या गोळ्या. गोळी पाण्यात एका ठराविक वेगाने विरघळते, विरघळली की स्प्रिंग सुटते. ती आधीच दमट होऊ नये म्हणून वरून कंडोम. आणि १९७१ मध्ये प्लासीच्या कॅम्पवरही तीच अडचण, फ्यूजमधला विरघळणारा भाग पोहत जाईपर्यंतच्या वेळात भिजून चालणार नव्हता, आणि उपायही तोच निघाला. एवढे कंडोम कशाला लागतात हे मागणीचा कागद बघणाऱ्याला कसं समजावलं असेल, तेवढ्यावर तुमचं एक अख्खं विनोदी प्रकरण होईल.

विरघळणारी गोळी म्हणजे वेळ अंदाजे. थंड पाण्यात हळू, गरम पाण्यात लवकर. माइन लावली, टोपी काढली, आता परत जायला नक्की किती वेळ आहे ते लावणाऱ्यालाही मिनिटाच्या हिशोबात माहीत नाही. लाल आकड्यांपेक्षा यात जास्त जीव टांगणीला लागतो की नाही सांगा.

तुमच्या आराखड्यात माइन लावली की पुढच्या ओळीत पहाट. मधले तास कुठे गेले? माझ्या मते कादंबरी तिथेच आहे. परत अलेक्झांड्रियाला जाऊ. दुरां द ला पेन्ने नावाचा लेफ्टनंट, व्हॅलियंट या युद्धनौकेच्या जवळ पोचला आणि त्याच्या ‘डुकरा’चा प्रोपेलर तारेत अडकला. जोडीदार बियांकी बेशुद्ध होऊन वर तरंगत गेला. द ला पेन्नेने ते धूड एकट्याने चिखलातून फूट-फूट ओढत जहाजाखाली नेलं, चिखल उडून होकायंत्रही दिसेना, तर तो जहाजाच्या पंपांच्या आवाजाच्या रोखाने ओढत राहिला. घड्याळ लावलं, वर आला, पकडला गेला. बियांकीही तिथेच बोयाला, म्हणजे जहाज बांधायच्या तरंगत्या पिंपाला, धरून बसलेला सापडला. चौकशीत दोघे काही बोलले नाहीत, म्हणून त्यांना त्याच जहाजाच्या पोटात खाली कोंडलं. खाली म्हणजे, स्वतः लावलेल्या बॉम्बच्या जवळपास डोक्यावर. दोघांना माहीत आहे कधी फुटणार. सुमारे दहा मिनिटं उरली तेव्हा द ला पेन्नेने जहाजाच्या कॅप्टन मॉर्गनला भेटायचंय म्हणून निरोप दिला आणि सांगितलं, तुमचं जहाज आता उडणार आहे, माणसं बाहेर काढा. बॉम्ब कुठे आहे ते मात्र सांगितलं नाही, म्हणून मॉर्गनने त्याला परत खाली पाठवलं. स्फोट झाला, तो वाचला. आणि मार्च १९४५ मध्ये, इटली बाजू बदलून दोस्तांकडे आल्यावर, द ला पेन्नेला शौर्यपदक मिळालं तेव्हा ते त्याच्या छातीवर लावलं याच मॉर्गनने. हे तुम्ही कल्पनेने लिहिलं असतं तर मीच म्हटलं असतं की जरा जास्त होतंय.

आणि जहाज ‘बुडालं’ हा शब्द जपून वापरा. बंदरात पाणी उथळ, जहाज बुडत नाही, बसतं. त्याच रात्री माइन लावलेली दुसरी युद्धनौका क्वीन एलिझाबेथ तळावर बसली, व्हॅलियंटचं नाक खाली गेलं, पण वरून विमानातून फोटो काढला तर दोन्ही जहाजं आपापल्या जागी, डेक पाण्याच्या वर. ब्रिटिश ताफ्याचा प्रमुख ॲडमिरल कनिंगहॅम तेव्हा क्वीन एलिझाबेथवरच राहत होता, त्याने सगळं रोजच्यासारखं चालू ठेवलं, झेंडा, बँड, सगळं, आणि सहाही इटालियन कैदेत, म्हणजे रोमला खात्रीने सांगायला कुणी परत गेलेलंच नाही. क्वीन एलिझाबेथवर काम फत्ते केलेली जोडी तर शहरात पोचली होती, फ्रेंच खलाशी असल्याचं सोंग घेऊन, पण खिशात दिलेल्या नोटा ब्रिटिश पाउंडाच्या आणि इजिप्तमध्ये त्या सहज चालेनात. एवढा अचाट पराक्रम, आणि घोडं अडलं सुट्या पैशांवर. ऑफिसात बसून पाकीट भरणाऱ्या कुणीतरी केलेली ही चूक. तुमच्या प्लॅनमध्ये अशी एक चूक पाहिजे, आणि ती शूर माणसाची नको, कारकुनाची पाहिजे.

तुमचा नायक किनाऱ्यावरून ज्वाळा बघतो आणि प्रकरण संपतं. पण दुसऱ्या दिवशी त्या गावात काय होतं? सप्टेंबर १९४३ मध्ये सिंगापूर बंदरात ऑस्ट्रेलियाहून आलेल्या सहा माणसांनी तीन होड्यांतून माइन लावल्या, क्रेट नावाच्या जुन्या जपानी मासेमारी बोटीवर जपानी झेंडा लावून आले होते, अंगाला तपकिरी रंग फासलेला. सात जहाजांचं नुकसान करून सगळे सुखरूप परत. बाहेरून कुणी येऊ शकतं यावर जपान्यांचा विश्वासच बसला नाही, त्यांना वाटलं हे आतल्याच लोकांचं काम. १० ऑक्टोबरला धरपकड सुरू झाली, सत्तावन्न जणांना उचललं, छळात पंधरा मेले. त्यांच्यातल्या कुणाचाही या हल्ल्याशी संबंध नव्हता. मघाशी तुमच्या कथानकात जो किनाऱ्यावरचा माणूस आला ना, नदीच्या वरच्या अंगाला घर असलेला, त्याचं काय होतं ते लिहायचं टाळू नका.

तुम्ही शेवटी असंही विचारलंय की गोव्यात किंवा कोकणात काही घडलंय का. घडलंय, पण तुमच्या साच्यात बसणार नाही. ९ मार्च १९४३ च्या रात्री मुरगाव बंदरात, म्हणजे तटस्थ पोर्तुगालच्या हद्दीत, एरेनफेल्स या जर्मन जहाजावर ब्रिटिशांनी हल्ला केला, आणि हल्ला करणारे कोण, तर कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी घोडदळ पलटणीचे पोट सुटलेले मध्यमवयीन गृहस्थ, व्यापारी, कंपन्यांतले साहेब. फीबी नावाच्या गाळ वाहणाऱ्या बार्जवरून आले. जहाज पळवायचं किंवा बुडवायचं होतं, जर्मनांनीच आग लावून आणि पाणी आत घेऊन ते बुडवलं, आणि ते बघून बंदरातल्या बाकीच्या दोन जर्मन आणि एका इटालियन जहाजानेही तेच केलं. तटस्थ देशाच्या बंदरात केलेली गोष्ट, त्यामुळे पुढे कित्येक वर्षं सगळे गप्प. मला विचाराल तर तुमच्या सहा पिळदार डायव्हरांपेक्षा हे गुडघे दुखणारे साहेब लिहायला जास्त मजा आहे. आणि अजून मागे जायचं असेल तर जंजिऱ्याच्या लाय पाटलाची गोष्ट आहेच, रात्री तटाला शिड्या लावून तो थांबला, मोरोपंतांचे लोक वेळेत आले नाहीत, उजाडायला लागलं तशा शिड्या काढून परत फिरला असं सांगतात. महाराजांनी पालखी दिली, तर दर्यावरच्या माणसाला पालखी कशाला म्हणून त्याने ती नाकारली, मग त्याला पालखी नावाचं गलबत बांधून दिलं.

तर आता आधी तारीख अष्टमीवर न्या, मग किनाऱ्यावरचा माणूस आणा, मग मधले तास लिहा, आणि ते तिन्ही झाल्यावर मला पाठवा, ओढीचे आकडे मी तपासून देईन. तुमचं बंदर काल्पनिक आहे हे मला चालेल, फक्त त्याचा एक चार्ट काढा, खोली मीटरमध्ये टाका आणि ओढीचे बाण काढा, नाहीतर दहाव्या प्रकरणात नदी उलटी वाहायला लागते, असं मी एका छापून आलेल्या पुस्तकात बघितलंय. आणि हो, तिसऱ्या प्रकरणात तुमचा नायक पाण्याखाली जोडीदाराच्या कानात ‘घाबरू नकोस’ म्हणतो. तोंडात माउथपीस आहे त्याच्या. ते आजच काढा.